एस्टोनियाची ऊर्जा आणि हवामान योजना

बाल्टिक समुद्राच्या काठावरचा एस्टोनिया हा देश जवळपास शतकभर दगड जाळून वीज तयार करत आला आहे. लोकसंख्या साधारण साडेतेरा लाख, म्हणजे नाशिक शहरापेक्षाही कमी. क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढे. या छोट्या देशाच्या ईशान्य कोपऱ्यात ऑइल शेल नावाचा तेलयुक्त खडक सापडतो. देशाची वीज, तिथल्या हजारो कुटुंबांचा रोजगार आणि हवेत जाणारा बहुतेक कर्बवायू हे सारे या खडकातूनच आले. २०३० पर्यंत देश जेवढी वीज वापरेल तेवढी वारा, ऊन आणि जैवइंधन यांपासून तयार करायची, आणि २०५० पर्यंत हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचे, असे याच देशाने कायद्याने आणि धोरणाने ठरवले आहे. राष्ट्रीय ऊर्जा आणि हवामान योजना हा या दोन टोकांमधल्या वाटेचा लेखी आराखडा.

एस्टोनियातला ऑइल शेल कुकरसाइट या नावाने ओळखला जातो. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म शैवालांपासून तो बनला. त्यातल्या जळणाऱ्या भागाला केरोजेन म्हणतात; उरलेला भाग मुख्यतः चुनखडी आणि चिकणमाती. म्हणूनच चांगल्या कोळशातून जेवढी उष्णता मिळते, तिच्या साधारण एक तृतीयांशच या खडकातून मिळते आणि जाळलेल्या वजनाचा जवळपास निम्मा भाग राख होऊन मागे उरतो. शिवाय भट्टीच्या उष्णतेने चुनखडीचेही विघटन होते आणि तिच्यातला कर्बवायू वेगळा बाहेर पडतो. त्यामुळे एक मेगावॅट-तास, म्हणजे एक हजार युनिट वीज बनवताना एक टन किंवा त्याहून जास्त कर्बवायू हवेत जातो. कोळशाला बदनाम इंधन म्हणतात. या हिशेबात ऑइल शेल त्याच्याही पुढे आहे. नार्वा शहराजवळ या राखेची पठारे तयार झाली आहेत. पाण्याबरोबर वाहवत नेलेल्या त्या राखेत क्षार इतके असतात की तिच्या तळ्यांतले पाणी निळसर-हिरवे दिसते.

खडकाचे खाणकाम पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाले. १९२४ पासून राजधानी टालिनच्या वीजकेंद्रात तो जाळला जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात देश सोव्हिएत संघात ओढला गेला आणि युद्धानंतर खाणींचे प्रमाण पार बदलले. कोह्त्ला-यार्वे इथे खडकापासून बनवलेला वायू १९४८ पासून नळाने लेनिनग्राडला जाऊ लागला. १९६५ मध्ये बाल्टी आणि १९७३ मध्ये एस्टी अशी दोन प्रचंड वीजकेंद्रे नार्वाजवळ पूर्ण झाली. १९८० मध्ये खाणकामाने कळस गाठला, त्या वर्षी ३ कोटी १० लाख टन खडक काढला गेला. यातली बरीचशी वीज एस्टोनियासाठी नव्हतीच, ती सोव्हिएत संघाच्या वायव्य भागाला जात होती. खाणी आणि वीजकेंद्रांसाठी सोव्हिएत प्रजासत्ताकांतून कामगार आणले गेले आणि त्या भागाची भाषा व लोकवस्तीही बदलून गेली.

१९९१ मध्ये स्वातंत्र्य परत मिळाले, तेव्हा हाच खडक देशाचा आधार ठरला. शेजारच्या लाटव्हिया आणि लिथुएनियापेक्षाही एस्टोनियाला आपल्या जमिनीतल्या इंधनाचा भरवसा जास्त होता. रशियाने वायू तोडला तरी नार्वाच्या भट्ट्या पेटत राहतील, ही भावना राजकारणात खोलवर रुजली. आजची योजना समजून घेताना हे विसरून चालत नाही. बाहेरून केवळ घाणेरडे इंधन दिसते. एस्टोनियातल्या अनेकांच्या नजरेत मात्र तो स्वातंत्र्याचा विमा होता.

उत्सर्जनाच्या आकड्यांतही हा इतिहास उमटतो. १९९० मध्ये एस्टोनियाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे ४ कोटी टन होते. सोव्हिएत उद्योग कोसळले, विजेची निर्यात घटली, सामूहिक शेती मोडली आणि काही वर्षांतच हा आकडा निम्म्यावर आला. त्यामुळे ‘१९९०च्या तुलनेत २०३० पर्यंत ७० टक्के घट’ हे २०१९ च्या योजनेतले उद्दिष्ट ऐकायला फार धाडसी वाटते, पण त्यातला मोठा हिस्सा हवामान धोरण जन्माला येण्यापूर्वीच पदरात पडलेला होता. पूर्व युरोपातल्या सगळ्याच देशांच्या आकड्यांना हा जुना आधार आहे, आणि त्यांची पश्चिम युरोपाशी तुलना करताना तो वजा करूनच पाहायला हवे.

अशी योजना लिहिण्याचे बंधन युरोपीय संघाच्या २०१८ सालच्या एका नियमाने आले. प्रत्येक सदस्य देशाने २०२१ ते २०३० या दशकासाठी एकच एकत्रित योजना द्यायची, तिचा मसुदा युरोपीय आयोगाने तपासायचा, देशाने सुधारून अंतिम करायची, दर दोन वर्षांनी प्रगती कळवायची आणि मध्यावर पुन्हा एकदा अद्ययावत करायची, असे हे चक्र आहे. उत्सर्जनात घट, ऊर्जेची काटकसर, पुरवठ्याची सुरक्षा, शेजाऱ्यांशी जोडलेली वीज-वायू बाजारपेठ आणि संशोधन अशा पाच अंगांनी ती लिहावी लागते. पण प्रत्यक्षात देशाला जखडणारे हिशेब तीन. पहिला, मोठी वीजकेंद्रे आणि कारखाने: त्यांना उत्सर्जनाच्या प्रत्येक टनासाठी युरोपीय बाजारात परवाना विकत घ्यावा लागतो. दुसरा, वाहतूक, लहान इमारती, शेती आणि कचरा: यांच्यासाठी प्रत्येक देशाला वेगळी मर्यादा दिलेली आहे. तिसरा, जंगल आणि जमीन: त्यांनी किती कर्ब शोषला आणि किती सोडला याचा ताळेबंद. एस्टोनियाची गंमत अशी की सगळ्यांचे लक्ष पहिल्या हिशेबाकडे असते आणि खरी अडचण हळूहळू दुसऱ्या-तिसऱ्याकडे सरकते आहे.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये सादर झालेल्या पहिल्या योजनेत २०३० साठी एकूण ऊर्जावापरातला नवीकरणक्षम ऊर्जेचा वाटा ४२ टक्के ठरवला होता. विजेसाठी ४० टक्के आणि उष्णतेसाठी ६३ टक्के. दुसऱ्या हिशेबातल्या क्षेत्रांमध्ये २००५च्या तुलनेत १३ टक्के घट करायची होती. तीन वर्षांत हे आकडे जुने झाले. संघाने आपले २०३० चे उद्दिष्ट ५५ टक्के घटीपर्यंत वाढवले, त्यात एस्टोनियाच्या वाट्याची १३ टक्के घट २४ टक्क्यांवर गेली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये संसदेने, म्हणजे रीगिकोगुने, कायद्यात दुरुस्ती करून नवीकरणक्षम वाटा ६५ टक्के आणि विजेच्या बाबतीत थेट १०० टक्के केला. या १०० टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. प्रत्येक तासाला प्रत्येक दिवा वाऱ्यावरच जळेल असे त्यात म्हटलेले नाही. वर्षभरात देशात जेवढी वीज वापरली जाते, तेवढी वर्षभरात नवीकरणक्षम स्रोतांतून तयार व्हावी, इतकाच त्याचा अर्थ. वाऱ्याच्या रात्री वीज बाहेर विकायची आणि शांत, थंड आठवड्यात बाहेरून घ्यायची, याला त्यात जागा आहे.

मात्र ऑइल शेलला पहिला जोराचा धक्का या कायद्याने दिला नाही, योजनेनेही नाही. तो कर्ब परवान्यांच्या किमतीने दिला. २०१७ पर्यंत हा परवाना टनाला पाच-सात युरोंना मिळत असे. २०१९ मध्ये तो सुमारे २५ युरोंवर गेला. एक हजार युनिटमागे एक टन कर्ब सोडणाऱ्या केंद्रासाठी याचा अर्थ, दर हजार युनिटवर २५ युरोंचा जादा बोजा. आणि त्या वर्षी एस्टोनियातला विजेचा सरासरी घाऊक दर होता सुमारे ४५ युरो. हिशेब बसेना. एस्टी एनर्जिया या सरकारी कंपनीची ऑइल शेलवरची वीजनिर्मिती एका वर्षात साधारण निम्म्यावर आली, शेकडो कामगारांना कामावरून कमी करण्यात आले आणि देशाचे एकूण उत्सर्जन २०१८ च्या सुमारे २ कोटी टनांवरून दीड कोटी टनांच्या आत आले. वर्षानुवर्षे वीज निर्यात करणारा देश त्याच वर्षी आयात करू लागला. बाजारातली किंमत योग्य जागी लागली की काय घडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. त्याचबरोबर हेही दिसले की उत्सर्जन घटवणारी यंत्रणा चोख चालली, पण ऑइल शेलच्या विजेच्या जागी काय उभे राहणार याची तयारी मागे पडली.

त्याची किंमत दोन वर्षांत मोजावी लागली. २०२१ च्या शेवटी युरोपात वायू महागला, २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि विजेचे दर उसळले. १७ ऑगस्ट २०२२ रोजी संध्याकाळी एका तासासाठी बाल्टिक देशांत घाऊक दर मेगावॅट-तासाला ४,००० युरोंवर, म्हणजे युनिटला ४ युरोंवर गेला. एस्टोनियातल्या अनेक घरांनी तासागणिक बदलणाऱ्या बाजारभावाचे करार केलेले होते, कारण जवळपास सगळीकडे स्मार्ट मीटर बसलेले आहेत. एरवी सोयीची वाटणारी ही व्यवस्था त्या हिवाळ्याच्या तोंडावर अनेकांना धडकी भरवणारी ठरली. सरकारने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून घरगुती ग्राहकांसाठी नियंत्रित दराची वीज सुरू केली, आणि ती पुरवण्यासाठी नार्वाच्या जुन्या भट्ट्या पुन्हा जोमाने पेटल्या. २०२२ मध्ये परवाने टनाला ८० युरोंच्या आसपास असूनही ऑइल शेल परवडू लागला, कारण बाकी सारेच त्याहून महाग झाले होते.

सुरक्षेचा प्रश्न मात्र केवळ दराचा नव्हता. सोव्हिएत काळापासून एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनियाच्या वीजवाहिन्या रशिया आणि बेलारूसच्या जाळ्याशी एकजीव होत्या. एकत्र जोडलेल्या वीजजाळ्यात सगळी जनित्रे एकाच लयीत फिरतात. युरोपात आणि भारतात ती सेकंदाला ५० आवर्तने अशी असते. मागणी वाढली की ही वारंवारिता किंचित घसरते, निर्मिती वाढली की चढते आणि कुणाला तरी क्षणोक्षणी ती सांभाळावी लागते. बाल्टिक देशांसाठी हे काम मॉस्कोतून होत होते. तीनही देश युरोपीय संघात आणि नाटोत आल्यावर वीस वर्षे उलटली तरी त्यांच्या विजेची लय मॉस्कोच्या हातात होती.

८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिन्ही देशांनी रशियाकडच्या वाहिन्या तोडल्या, एका दिवसाहून थोडा जास्त काळ स्वतःच्या बळावर वारंवारिता सांभाळली आणि ९ फेब्रुवारीला लिथुएनिया-पोलंड वाहिनीतून युरोप खंडाच्या जाळ्याशी जोडून घेतले. भारतीय वाचकाला याच प्रकारचे काम आठवेल: ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाशी समक्रमित झाले आणि ‘एक देश, एक वारंवारिता’ प्रत्यक्षात आली. बाल्टिक देशांचे काम उलट्या क्रमाने अधिक कठीण होते, कारण जोडण्याआधी तोडायचे होते. त्यासाठी एस्टोनियात प्युस्सी, विरु आणि किइसा इथे सिंक्रोनस कंडेन्सर बसवले गेले. हे अवजड फिरते यंत्र वीज बनवत नाही. पण त्याच्या फिरत्या वजनामुळे एखादे केंद्र अचानक बंद पडले तर वारंवारिता एकदम कोसळत नाही, सावरायला काही क्षण मिळतात. मोठी औष्णिक केंद्रे बंद होऊन सौर पॅनेल आणि पवनचक्क्या येतात तेव्हा नेमका हा फिरता भार जाळ्यातून कमी होतो. म्हणून हे काम सुरक्षेचेही होते आणि हवामानाचेही. तीन देश आणि पोलंड मिळून या प्रकल्पावर सुमारे १६० कोटी युरो खर्च झाले आणि त्यातला बहुतांश भार युरोपीय संघाने उचलला.

समुद्राखालच्या जोडण्यांचा अनुभव कमी बोलका नाही. फिनलंडशी जोडणाऱ्या एस्टलिंक-१ या वीजकेबलची क्षमता सुमारे ३५० मेगावॅट, एस्टलिंक-२ ची ६५०. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बाल्टिककनेक्टर ही वायुवाहिनी एका जहाजाच्या ओढत गेलेल्या नांगराने फुटली. २०२४ च्या नाताळात एस्टलिंक-२ तुटली आणि ती दुरुस्त होऊन पुन्हा सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. त्या काळात फिनलंडची स्वस्त वीज पुरेशी येईना आणि एस्टोनियातले दर चढे राहिले. योजनेच्या कागदावर ‘जोडणी’ हा शब्द सहज लिहिला जातो. समुद्रतळावर ती एक केबल असते आणि ती तुटू शकते. तरीही एवढ्या लहान देशाला जोडण्यांवाचून गत्यंतर नाही. तिसऱ्या केबलची तयारी सुरू आहे ती यामुळेच.

आता वारा आणि ऊन. सौर ऊर्जेची वाढ सगळ्यांच्या अपेक्षेपलीकडे गेली. २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नगण्य असलेली स्थापित क्षमता दहा वर्षांत १,००० मेगावॅटच्या पुढे गेली. हिवाळ्यातली देशाची कमाल मागणी साधारण १,६०० मेगावॅट असते, हे लक्षात घेतले की हा आकडा किती मोठा आहे ते कळते. पण टालिन ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दिवस अठरा तासांचा, डिसेंबरमध्ये जेमतेम सहा तासांचा. उन्हाळ्यात दुपारी दर शून्याखाली जातात आणि ज्या जानेवारीत मागणी सर्वाधिक असते तेव्हा पॅनेलवर बर्फ असते. म्हणून योजनेचा खरा भरवसा वाऱ्यावर आहे. तो हिवाळ्यात जास्त वाहतो.

आणि नेमक्या तिथेच बरीच वर्षे काम अडले. पूर्व भागात उंच पवनचक्क्या उभारल्या तर हवाई संरक्षणाच्या रडारला अडथळा येतो, असा संरक्षण खात्याचा आक्षेप होता. रशियाच्या सीमेवरच्या देशात तो हसण्यावारी नेता येत नाही. अखेर सरकारने जादा रडारसाठी पैसा दिला आणि त्यानंतर उंचीची बंधने सैल होऊ लागली. गावकऱ्यांचा विरोध हा दुसरा अडसर. त्यावर उतारा म्हणून पवनचक्कीजवळच्या रहिवाशांना आणि स्थानिक पालिकेला उत्पन्नातला वाटा देण्याची कायदेशीर सोय केली आहे. जुन्या, खराब झालेल्या जमिनी वापरण्याची कल्पना चांगली रुजली. नार्वाजवळ बंद झालेल्या राखेच्या पठारावर २०१२ पासून १७ पवनचक्क्या फिरत आहेत. पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, काढून ओसाड झालेल्या सोपी-तोत्सी इथे ३८ पवनचक्क्यांचे २५५ मेगावॅटचे केंद्र उभे राहिले, देशातले सर्वांत मोठे. समुद्रातल्या पवनचक्क्यांचे आराखडे मात्र अनेक वर्षे आराखडेच राहिले. लाटव्हियाबरोबर संयुक्त प्रकल्पाचा करार २०२० मध्ये झाला, पण समुद्रातली उभारणी महाग आहे आणि हमीभावाशिवाय गुंतवणूकदार पुढे येत नाहीत.

वारा थांबला की काय करायचे, या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या मुदतीची आहेत. तासा-दोन तासांसाठी बॅटऱ्या: औवेरे इथल्या वीजकेंद्राच्या आवारात २०२५ च्या सुरुवातीला पहिली मोठी बॅटरी सुरू झाली आणि किइसाजवळ त्याहून मोठी उभारली गेली. अर्ध्या दिवसासाठी पाणी: डोंगर नसलेल्या या सपाट देशात पाल्डिस्की इथे जमिनीखाली पाचशे मीटरवर दुसरा जलाशय खोदून, वरचे पाणी तिथे सोडून ५०० मेगावॅट वीज मिळवण्याची योजना आहे. आठवडाभराच्या शांत थंडीला मात्र यातले काहीच पुरत नाही. म्हणून सरकारने एस्टी एनर्जियाकडून किमान १,००० मेगावॅटची हुकमी क्षमता सज्ज ठेवण्याची अपेक्षा धरली आहे आणि ती प्रामुख्याने ऑइल शेलवरच्या जुन्या संचांतून येते. ज्यातून बाहेर पडायचे तेच संकटकाळासाठी राखून ठेवायचे, ही विसंगती वाटते खरी. पण वर्षातले थोडेच तास चालणारे जुने केंद्र आणि वर्षभर धूर ओकणारे केंद्र यांच्यात उत्सर्जनाचे अंतर प्रचंड असते, आणि लहान जाळ्याला ही सोय नाकारणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

दूरचा पर्याय म्हणून अणुऊर्जा चर्चेत आली. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या फर्मी एनर्जिया या खासगी कंपनीने २०२३ मध्ये ३०० मेगावॅटच्या लहान अणुभट्टीचा नमुना निवडला आणि १२ जून २०२४ रोजी रीगिकोगुने ४१ विरुद्ध २५ मतांनी अणुऊर्जेची तयारी करायला पाठिंबा दिला. नियामक संस्था, कायदा, प्रशिक्षित माणसे हे सगळे शून्यातून उभे करायचे असल्याने २०३० च्या उद्दिष्टांत तिचा काही हातभार नाही.

विजेच्या तुलनेत उष्णतेची बाजू शांतपणे पुढे गेली आहे. एस्टोनियातल्या शहरांत एका केंद्रात पाणी तापवून नळांनी घरोघरी पोचवण्याची पद्धत आहे आणि देशातली अर्ध्याहून जास्त घरे अशी ऊब घेतात. ही केंद्रे वायू आणि खनिज तेलावरून लाकडाच्या ढलप्यांवर आली. या बदलामुळेच २०२० साठी ठरवलेले २५ टक्क्यांचे नवीकरणक्षम उद्दिष्ट देशाने २०११ मध्येच गाठले. घरांच्या भिंती हा पुढचा टप्पा. सोव्हिएत काळातल्या पाच मजली इमारती पातळ काँक्रीटच्या, उष्णता धरून न ठेवणाऱ्या आहेत. तार्तु शहरात अशा अनेक इमारतींना बाहेरून जाड आवरण, नव्या खिडक्या आणि उष्णता परत वापरणारी वायुवीजन यंत्रणा बसवली गेली, आणि त्यांच्या दर्शनी भिंतींवर चित्रकारांनी मोठी चित्रे रंगवली. टालिनमध्ये तंत्रविद्यापीठाच्या एका वसतिगृहावर कारखान्यात तयार केलेले भिंतीचे पूर्ण भाग आणून बसवण्याचा प्रयोग झाला. २००० सालापूर्वीच्या इमारती २०५० पर्यंत सुधारायच्या, असे दीर्घकालीन उद्दिष्ट आहे. त्याचा वेग आजच्या कितीतरी पट वाढावा लागेल, आणि अडसर तंत्राचा नसून कर्जाचा आहे: छोट्या गावात घराची किंमतच इतकी कमी असते की दुरुस्तीसाठी बँक पुढे येत नाही.

लाकडाच्या या यशाची दुसरी बाजू जंगलात दिसते. देशाचा निम्मा भाग जंगलाने व्यापलेला आहे आणि अनेक वर्षे ते जंगल तोडीपेक्षा जास्त कर्ब शोषत होते. गेल्या दशकात तोड वाढली, झाडांची वये पुढे सरकली, आणि पीटच्या निचरा केलेल्या जमिनी कर्ब सोडतच राहिल्या. परिणामी जमीन आणि जंगल मिळून शोषक न राहता उत्सर्जक झाले. लाकडी भुसा दाबून बनवलेल्या जळाऊ गोळ्यांचा, म्हणजे पेलेटचा, युरोपातला सर्वांत मोठा उत्पादक याच देशातला असल्याने हा वाद घरगुती ऊब आणि निर्यात या दोन्हींना भिडतो. लाकूड जाळणे ऊर्जेच्या हिशेबात शून्य उत्सर्जन मानले जाते, कारण त्याची नोंद जंगलाच्या हिशेबात होते. एकाच योजनेच्या दोन प्रकरणांत एकच झाड दोनदा येते आणि पहिल्या प्रकरणातला फायदा दुसऱ्या प्रकरणात फेडावा लागतो. योजनेची सर्वांत कच्ची बाजू हीच आहे, आणि पवनचक्क्यांपेक्षा तिच्यावर चर्चा व्हायला हवी.

वाहतुकीत एस्टोनियाने धाडसाची सुरुवात केली होती. क्योटो करारातले शिल्लक उत्सर्जन-हक्क विकून त्या बदल्यात ५०७ विजेच्या मोटारी मिळवल्या आणि २०१३ पर्यंत देशभर जलद चार्जिंगचे जाळे उभे केले. तेव्हा असे देशव्यापी जाळे ही नवलाई होती. टालिनने त्याच वर्षी नोंदणीकृत रहिवाशांसाठी शहर बस आणि ट्राम मोफत केली. तार्तुच्या बसगाड्या बायोमिथेनवर धावतात. इतके असूनही मोटारींची संख्या वाढतच गेली आणि युरोपातल्या जुन्या, जास्त इंधन पिणाऱ्या ताफ्यांपैकी एक ताफा इथे राहिला. १ जानेवारी २०२५ पासून मोटारकर लागू झाला. तोवर एस्टोनिया हा असा कर नसलेल्या मोजक्या युरोपीय देशांपैकी होता. ग्रामीण भागात बसच येत नाही तिथे हा कर अन्यायाचा वाटतो, ही तक्रार खोटी म्हणता येत नाही.

या सगळ्याचा भार सर्वांत जास्त पडतो तो इदा-विरु जिल्ह्यावर. खाणी, वीजकेंद्रे आणि तेल कारखाने इथेच आहेत. नार्वा शहरात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक रशियन भाषिक आहेत आणि नदीपलीकडे रशिया आहे. खाण बंद झाली की नोकरीबरोबर पिढ्यानपिढ्यांचा मानही जातो, आणि राजधानीने आपल्याला वाऱ्यावर सोडले ही भावना अशा सीमेवर धोक्याची ठरते. युरोपीय संघाच्या न्याय्य संक्रमण निधीतून या जिल्ह्याला सुमारे ३५ कोटी युरो मिळाले. त्यातून कामगारांचे नवे प्रशिक्षण, लहान उद्योग आणि नव्या कारखान्यांना मदत दिली जाते. विजेच्या मोटारी आणि पवनचक्क्यांना लागणारे दुर्मीळ मूलद्रव्यांचे चुंबक बनवणारा कारखाना नार्वात २०२५ मध्ये सुरू झाला. शेल कारखान्याच्या जुन्या राखटेकडीवर किविओली इथे हिवाळ्यात लोक बर्फावरून घसरतात. हे प्रयत्न मोलाचे आहेत, पण खाणीतल्या पगाराइतका पगार देणाऱ्या जागा अजून पुरेशा नाहीत.

आणखी एक गाठ सुटायची आहे: शेल तेल. खडक जाळून वीज बनवणे तोट्याचे झाले तसे तोच खडक तापवून त्यातून तेल काढण्याकडे उद्योग वळला. ते जहाजांच्या इंधनासाठी निर्यात होते. २०२१ मध्ये सरकारने ऑइल शेलवरची वीज २०३५ पर्यंत आणि ऊर्जेसाठी या खडकाचा सगळा वापर २०४० पर्यंत थांबवण्याचे जाहीर केले, पण त्याआधीच सरकारी कंपनीने नव्या तेल कारखान्याचा करार केलेला होता. हवामान चळवळीतल्या तरुणांनी न्यायालयात दाद मागितली, आणि संरक्षित निसर्गक्षेत्रांवरच्या परिणामांचे मूल्यमापन पुरेसे न झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्या कारखान्याचा बांधकाम परवाना रद्द केला. एकाच सरकारची दोन खाती दोन दिशांना जात असतील तर ते न्यायालयात उघडे पडते, हे या खटल्याने दाखवले.

२०२३ मध्ये हवामान मंत्रालय स्वतंत्रपणे स्थापन झाले आणि योजनेचे अद्ययावतीकरण त्याच्याकडे आले. २०२४ मध्ये सर्व क्षेत्रांना वर्षनिहाय मर्यादा घालणाऱ्या हवामान कायद्याचा मसुदा चर्चेला आला, तेव्हा उद्योगांना तो अवजड वाटला आणि पर्यावरण संघटनांना अपुरा. युरोपीय नियमानुसार पुढच्या दशकाच्या योजनेचा मसुदा १ जानेवारी २०२८ पर्यंत आणि अंतिम योजना १ जानेवारी २०२९ पर्यंत द्यायची आहे. अणुभट्टी बांधायची की नाही, शेल तेलाची निर्यात कधी थांबवायची, जंगलातली तोड किती कमी करायची आणि नार्वातले राखीव संच कुणाच्या खर्चाने चालू ठेवायचे, याचे आकडे त्या योजनेत लिहावे लागतील.